खुरपून काढलेलं जंगल

परभणीहून परतल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" मी सांगितलं, "एक टेकडी. तिच्यावर काही नाही." त्या आदराने गप्प झाल्या. नवरा गेलेल्या बाईने काशीला जावं, निदान केरळला तरी जाऊन यावं, अशी आमच्या इमारतीची माफक अपेक्षा आहे. पुण्यातून अशा सहली सारख्या निघत असतात. त्यांत सगळ्यांना एकसारख्या टोप्या देतात आणि गटाने दुःख विसरायला लावतात. मी त्याऐवजी जिंतूर तालुक्यात जाऊन आले. ज्यांना तिथे जायचं कारण कधी पडणार नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे. हल्ली मला कशाचीच घाई नसते.

माझं कारण आधी सांगते. श्रीधर, माझा नवरा, याने सगळी नोकरी उत्तरेतल्या पहाडांत पाइनचं बी थेट जमिनीवर पेरण्यात काढली. इतर लोक रोपवाटिकेत रोपं वाढवतात, ट्रकमधून नेतात, खड्ड्यात लावतात आणि फोटो काढतात. श्रीधरचं म्हणणं असं, की रोपवाटिकेतलं रोप म्हणजे वसतिगृहात वाढलेला मुलगा. दिसायला टापटीप, पण मुळं पिशवीत गुंडाळलेली. त्यापेक्षा वीतभर जमीन खरवडावी, चार बिया टाकाव्यात, वर नखभर माती लोटावी, पाखरांनी खाऊ नये म्हणून बी आधी लाल रंगात घोळवावं आणि निघून यावं. यातला 'निघून यावं' हा भाग त्याला विशेष जमायचा. घरातही.

निवृत्तीनंतर माणसं गच्चीवर टोमॅटो लावतात. याने परभणी जिल्ह्यातली टेकडी धरली. कुठल्याशा प्रशिक्षणात त्याला आनंदा नावाचा तरुण शिक्षक भेटला. नोकरी पालमच्या शाळेत, घर येलदरी धरणाच्या अलीकडच्या एका गावात. गावच्या वन समितीकडे एक बोडकी टेकडी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी श्रीधरने तिथे शाळेची मुलं हाताशी धरून पळस, खैर आणि बोर यांचं बी पेरलं. पाइन नाही पेरला. तेवढं भान त्याला होतं. मागच्या थंडीत तो गेला, दुपारच्या चहाच्या जरा आधी, कोणाला काही न सांगता.

मी जन्मभर ग्रंथपाल होते. आवराआवर हा आमचा व्यावसायिक दोष. तेरा दिवसांच्या आत, एका दुपारी, मी त्याचं टेबल आणि कपाट रिकामं केलं, तीस वर्षांच्या वह्यांसकट सगळं निकालात काढलं. कोणाच्या उपयोगाचं ते त्यांना दिलं, बाकी रद्दीत. माझ्या धीराचं घरोघर कौतुक झालं. एक वही तेवढी त्याच्या जाकिटाच्या खिशात राहून गेली होती, म्हणून वाचली.

दिवाळीनंतर आनंदाचा फोन आला. "काकू, सोमवारी वनखात्याचे साहेब येणार आहेत टेकडीच्या पाहणीला. काकांची पेरणी जगलेली दिसली तर टेकडी तशीच ठेवणार. न्हाई तर मशीन लावून सगळीकडं चर मारणार, मग रोपं लावणार. तुमी एकदा येऊन बघून जा."

म्हणजे श्रीधरचं माझ्याकडे एक वही आणि एक टेकडी एवढं उरलं होतं, आणि त्यातली टेकडी सोमवारी जाणार की राहणार ते ठरणार होतं. मी शुक्रवारच्या गाडीत बसले.

परभणी, शनिवार सकाळ

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात पाटीवर 'सुशीला' लिहिलं होतं. ही बाई नसून फोडणीचे मुरमुरे आहेत, हे मला ताटली समोर आल्यावर कळलं. वर शेंगदाणे, कोथिंबीर आणि बाजूला तळलेली मिरची. आमच्याकडे हॉटेलातला माणूस पाण्याचा ग्लास असा ठेवतो की आपण त्याच्या घरचं काही उचलून नेलेलं असावं. इथला मालक स्वतः येऊन उभा राहिला.

"कुटं चाललाव ताई?"

"जिंतूरच्या पुढे. एक टेकडी पाहायला."

"टेकडी?" त्याला काळजी वाटली. "कामून? काय झालंय तिला?"

"तेच पाहायचंय."

"बघा मग." त्याने न विचारता ताटलीत आणखी मुरमुरे ओतले. रिकाम्या पोटी टेकडी पाहू नये असं त्याचं मत दिसलं.

बसमध्ये मी वही उघडली. बाहेर दोन्ही बाजूंना काळी जमीन, पांढरा फुटलेला कापूस आणि ओणवून वेचणाऱ्या बायका. वहीतलं श्रीधरचं अक्षर बसपेक्षा जास्त हलत होतं. एके ठिकाणी लिहिलं होतं: 'पाइनला उघडी माती हवी, स्वच्छ ऊन हवं. तण काढलंच पाहिजे. इथे सगळं उलटं. इथे उघडी माती म्हणजे तापलेला तवा. रोपांना गवताचीच सावली. पहिली तीन वर्षं खुरपं टेकडीवर चढू द्यायचं नाही.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. तीस वर्षांची विद्या एका परिच्छेदात उलटी करताना त्याला काय वाटलं असेल, ते त्याने लिहिलं नव्हतं. तो तसलं कधीच लिहीत नसे.

गाव, शनिवार दुपार

आनंदाच्या आईचं नाव कौसाबाई. माझ्याच वयाच्या, पण चालताना मी त्यांची आई वाटावी. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात धरले, "लय वाईट झालं ताई," एवढंच म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या दिला. पुण्यात मला या विषयावर चाळीस-चाळीस मिनिटं ऐकावं लागलं होतं.

बैठकीच्या खोलीत बुद्धांची मोठी तसबीर होती आणि तिच्या शेजारी, तितक्याच निगुतीने चौकट केलेला, श्रीधरने दिलेला एक फोटो. पाइनचं कोवळं रोप: एक काडी, वर हिरव्या सुयांचा झुबका. त्याच्या आयुष्यातलं पहिलं यशस्वी रोप. आमच्या पहिल्या मुलाचा फोटो त्याने इतक्या मायेने कधी कोणाला दिला नाही.

"काका म्हनले, हे माझं काम," कौसाबाई म्हणाल्या. "म्हनून लावलाय."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसाल्याची, आमटी आणि धरणातल्या माशांचे तळलेले तुकडे. मी मासे खात नाही, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत ताटात तीन तुकडे पडले होते. आयुष्यात प्रथमच मासा खाल्ला. सासूबाई असत्या तर त्यांनी अंघोळ घातली असती. काटा घशात अडकला तेव्हा कौसाबाईंनी भाकरीचा मोठा घास गिळायला लावला आणि पाठीवर असा हात मारला की काटा गेला आणि वर्षभराचं आणखीही काहीबाही सुटून गेलं. मी डोळे पुसले. काट्यामुळेच, असं सगळ्यांनी धरून चाललं.

मग कौसाबाईंनी खुशीची बातमी सांगितली. "ताई, तुमी येणार म्हनून टेकडी साफ केलीया. गल्लीतल्या साऱ्या बाया घेतल्या. एक दिवस कापूस वेचायचा सोडला. काडी ठेवली न्हाई बगा."

"साफ म्हणजे?"

"खुरपली! सारी खुरपली. आरशावानी."

आनंदा तासाभरापूर्वीच पालमच्या बसमधून उतरून आला होता. त्याने ताटावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, मी फोनवर काय म्हनलो होतो?"

"तूच म्हनला की, काकू येणारेत, टेकडी जरा नीट करून ठेवा!"

"अगं, म्हंजे वाटेवरची बाभळीची काटेरी झुडपं बाजूला करा!"

"मंग तसं म्हनायचं."

टेकडी, शनिवार संध्याकाळ

वाटेवर गुडघाभर गवत होतं आणि त्याची कुसळं माझ्या साडीत अशी घुसली की मी चालतं-बोलतं साळिंदर झाले. तारेच्या कुंपणापर्यंत हे. कुंपणाच्या आत पाय टाकला आणि कुसळं संपली. गवत संपलं. सगळंच संपलं.

मी पुष्कळ स्वच्छ जागा पाहिल्या आहेत. मी स्वतः एका दुपारी तीस वर्षं साफ केली आहेत. पण इतकं निर्मळ काम मी पाहिलेलं नाही. लाल मुरूम, त्यावर खुरप्याचे ओरखडे, आणि श्रीधरने बी टाकलेल्या प्रत्येक जागी चुन्याने रंगवलेला दगड. दगडाजवळ काही नाही. पुढच्या दगडाजवळ काही नाही. टेकडीभर पांढरे दगड. लांबून ते कशासारखे दिसत होते ते मी लिहीत नाही.

"आई," आनंदा म्हणाला, "रोपं कुटं हायत?"

"ही काय!" कौसाबाईंनी अभिमानाने बोट दाखवलं.

टेकडीच्या एका अंगाला हिरव्या बारीक सुयांचे झुबके होते, वीस-पंचवीस असतील. प्रत्येकाभोवती दगडांचं कडं, आळं, आणि चक्क पाणी घातलेलं. मी वाकून पाहिलं. शतावरी. साधी, डोंगरावर आपोआप येणारी शतावरी.

"फोटूत हाय तसंच हाय का न्हाई?" कौसाबाई म्हणाल्या. "एकबी कापू दिलं न्हाई मी."

"आई, ही शतावरी हाय!"

"मला कळंना व्हय शतावरी? लेकरं पाजताना कमी का खाल्लीया! मला वाटलं तिकडं हिमालयात शतावरीलाच पाइन म्हनत असत्याल. येवढा शिकलेला माणूस घरात फोटू लावून गेला, त्याला मी काय विचारू?"

"आनि बाकीची? पळस? खैर? बोर?"

कौसाबाईंना आता खरंच राग आला. "पळस कुणी पेरतं व्हय रं? पळस नको नको म्हनलं तरी येतोय. बोर येतंय, खैर येतोय. पुन्याहून माणूस येऊन पळस पेरील, हे कोनाच्या सपनात तरी आलं असतं का?"

श्रीधरने तीस वर्षं पेरणीचं शास्त्र लिहिलं, बियांचे रंग ठरवले, मातीची खोली नखाने मोजली. पण आपल्या मायेने टांगलेला एक फोटो बायका नमुना म्हणून पाहतील, हे त्याच्या शास्त्रात बसलं नव्हतं. आणि पेरलेलं ते मौल्यवान, आपोआप येतं ते तण, हे शेतातलं साधं तर्कशास्त्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मुलांना त्याने शिकवलं. बायकांना विचारलं नाही. माझ्याही बाबतीत त्याचं असंच असे.

"छान केलंत," मी म्हटलं.

कौसाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. उतरताना त्या भरभर माझ्या पुढे निघून गेल्या. माझ्या साडीतली कुसळं मात्र ओट्यावर बसून एकेक करून त्यांनीच काढली.

रविवार

रविवार फार लांब होता. आनंदाने साहेबांना फोन लावून पाहणी पुढे ढकलता येईल का विचारलं. पुढे ढकलता येत नव्हती. मशीन ठरलेलं होतं. गावातली माणसं चहाला येऊन टेकडीबद्दल हळहळली. एकाने सुचवलं की रातोरात चार रोपं आणून खोचू. दुसऱ्याने सुचवलं की शतावरीच दाखवू, साहेबाला काय कळतंय. मला दुसरी सूचना पटत चालली होती, यावरून माझी अवस्था लक्षात यावी.

दुपारी मी ओट्यावर वही वाचत बसले होते. कौसाबाई शेजारी ज्वारी निवडत होत्या.

"ताई, एक विचारू?"

"विचारा."

"हे पळस मेलं म्हनूनच रडायलाव ना तुमी सगळे?"

"हो."

"पन खुरपून पळस मरतोय व्हय?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आमच्या खालच्या रानात एक पळस हाय. मी नवी नवरी होते तवापासून त्याला खुरपायलेय. दर साली कापते, दर साली वर येतोय. सासूनं कापला, मी कापला, आता सून कापायलीय. वरचं जातंय, ताई. मुळी खाली जातीय, पार खाली. त्या मुरमात तर आमचं खुरपं बोटभर शिरत नव्हतं. आमी वरचंवर तासलंय नुसतं. उपटलं कुटं?"

मी वहीची पानं मागे-पुढे केली. असायलाच हवं होतं. शेवटून चौथ्या पानावर, पेन्सिलीने, रेघ न मारता: 'पळसाची रोपं पहिली वर्षं उन्हाळ्यात वरून वाळतात. गेली असं वाटतं. खाली वाढत असतात. मोजणारे फसतात.'

तीस वर्षांचा अभ्यास आणि एका बाईचा जन्मभराचा वैताग एकाच निष्कर्षाला आले होते. फक्त कौसाबाईंनी तो जास्त नीट मांडला.

सोमवार

साहेब तरुण होते आणि वेळेवर आले. दोन्ही गोष्टींची आमची तयारी नव्हती. त्यांनी टेकडी पाहिली, मोबाइल काढला आणि पुन्हा टेकडी पाहिली.

"इथे काही नाहीये," ते शेवटी म्हणाले.

"हाय," कौसाबाई म्हणाल्या. "खाली हाय."

"मावशी, मला ॲपमध्ये रोपाची उंची भरावी लागते. रोपाचा फोटो जोडावा लागतो."

"मंग खालचा फोटू काढा."

त्या एका चुन्याच्या दगडाशी बसल्या. बाजूने टिकावाचे घाव घातले, मग खुरप्याने माती अशी सोडवायला लागल्या की जणू झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढत आहेत. हातभर खाली जाऊनही मुळी संपली नव्हती. अंगठ्याएवढी जाड, वाकडी, हट्टी. त्यांनी नखाने साल खरवडली. आत ओलं, लालसर.

"बगा. जित्तं हाय."

साहेबांनी वाकून हात लावला. "एकावरून नाही ठरवता येणार. दहा ठिकाणी तरी पाहावं लागेल."

दुसरा दगड. मुळी होती. तिसरा दगड, काही नाही. उंदरांनी बी कधीच खाल्लं असावं, लाल रंग त्यांना आवडला असेल. चौथा, होती. उघडी पडलेली मुळी उन्हात पाच मिनिटांत सुकल्यासारखी दिसायची. कौसाबाई लगेच माती लोटून दाबायच्या, पण तुटलेली टोकं आम्हाला सगळ्यांना दिसत होती. एक रोप जिवंत आहे हे सिद्ध करायला ते रोप जवळजवळ मारायचं, अशी ती पाहणी होती. मी पुस्तकांच्या बाबतीत अशा समित्यांवर बसलेली आहे.

पाचव्या दगडाशी मला राहवेना. "माझ्या नवऱ्याने हे पेरलंय," मी म्हटलं. नवरा गेलेली बाई म्हणून यातून काही सवलत मिळावी असा माझा हेतू नव्हता. निदान मी तसं स्वतःला सांगितलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कौसाबाईंनी पाचवी मुळी मोकळी केली. हीसुद्धा होती, आणि सगळ्यांत जाड. त्यांनी साल खरवडायला नख टेकवलं.

"राहू द्या मावशी," साहेब म्हणाले. "ही नका सोलू. बुजवा."

"दहा करायच्यात ना?"

"पुरे झालं. उरलेली राहू देत."

मग त्यांनी ॲपमध्ये उंची शून्य भरली. ॲपने लाल अक्षरांत कळवलं की उंची शून्य असू शकत नाही. साहेबांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा त्याने तेच कळवलं. शेवटी गाडीतून कागदाचा जुना फॉर्म मागवला आणि बॉनेटवर ठेवून लिहायला लागले. मशीन यंदा येणार नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी. तोवर कुंपणाच्या आत खुरपं बंद.

"ही शतावरी आळं करून कोणी जपलीय?" जाताना त्यांनी विचारलं.

आनंदा खोकला.

"काकांची हाय," कौसाबाई म्हणाल्या. "आठवण म्हनून."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

ते गेल्यावर आम्ही दोघी तिथेच दगडांवर बसलो. "मंग आता आमी टेकडीवर यायचंच न्हाई का?" कौसाबाईंनी विचारलं.

"या की."

"येऊन काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

"नुसतं?" त्यांनी खुरप्याची माती पदराला पुसली. "नुसतं बसायला आमाला कोन शिकवलंय, ताई?"

मला तरी कोणी शिकवलं होतं? पण आम्ही बसलो. दूर धरणाचं पाणी चकाकत होतं. कौसाबाईंचा हात दोनदा एका कोवळ्या गवताकडे गेला आणि दोनदा मागे आला.

घरी

मी निघायच्या आधी आनंदाला पाइनचा तो फोटो भिंतीवरून उतरवायचा होता. कौसाबाईंनी उतरवू दिला नाही. "फोटूनं काय पाप केलंय? चूक आमची, जास्तीची तुज्या काकांची," असं त्यांचं म्हणणं. हिशेब बरोबर आहे.

निघताना मी आनंदाला फॉर्मची प्रत मागितली. त्याने बॉनेटवरच मोबाइलने फोटो काढून ठेवला होता, तो पाठवला. घरी येऊन मी श्रीधरचं टेबल पुसलं, म्हणजे पुसायला गेले आणि थांबले. वर्षभर रोज पुसते आहे. त्यावर धूळ बसायला मी अजून संधी दिलेली नाही. फडकं ठेवून दिलं. वही कपाटात न ठेवता टेबलावर ठेवली आणि त्याच्या शेवटच्या नोंदीखाली, माझ्या अक्षरात, साहेबांच्या फॉर्मवरचे दोन रकाने उतरवून काढले.

उंची: शून्य.

शेरा: जिवंत.